तुझा एच किती?

आपल्या पिढीला नंबरांची भीती उरलेली नाही. सकाळी मनगटावरचं घड्याळ झोपेला मार्क देतं, बँक सिबिलचा आकडा विचारते, कॅबवाला आपल्याला स्टार देतो, आणि एप्रिल उजाडला की एचआर आपल्याला १ ते ५ च्या मध्ये कुठेतरी बसवून मोकळं होतं. 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'! वर्षभराच्या कामाचं दोन शब्दांत बारसं. तरी त्यात एक दिलासा असतो. आपलं रेटिंग आपण, बॉस आणि फार तर कॅन्टीनमधले दोघं-तिघं यांच्यापलीकडे जात नाही. आता अशी कल्पना करा, की ते रेटिंग तुमच्या फोटोशेजारी इंटरनेटवर टांगलेलं आहे. दर थोड्या दिवसांनी बदलतं. जुना बॉस, नवा बॉस, शाळेतली मैत्रीण, स्थळ म्हणून आलेला मुलगा, कुणीही रात्री दोन वाजता उघडून बघू शकतं.

माझ्या मावसबहिणीचं असं आहे.

मी तिला ताई म्हणते. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. डोंबिवलीत वाढली. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघी तिच्याकडे गॅलरीत गाद्या टाकून झोपायचो. मी पुण्यात डेटा अ‍ॅनालिस्ट आहे, म्हणजे दुसऱ्यांचे आकडे रंगीत डॅशबोर्डवर लावून देते. ती जर्मनीत न्यूरोसायंटिस्ट आहे. उंदराला रस्ता कसा लक्षात राहतो, हा तिचा विषय. (मावशी नातेवाइकांना 'ती ब्रेनमध्ये आहे' एवढंच सांगते. मग लोक ताईला मायग्रेनवरचं औषध विचारतात.)

तिच्या जगात कॉन्फरन्सला नवा माणूस भेटला, की लोक हसून हात मिळवतात, कॉफी घेतात आणि पाच मिनिटांनी टॉयलेटच्या नावाखाली बाजूला जाऊन फोनवर त्याचं गुगल स्कॉलरचं पान उघडतात. तिथे तीन आकडे असतात. त्यातला मधला सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं नाव एच-इंडेक्स.

पण आधी सायटेशन म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही ते नीट कळायला दोन व्हिडिओ कॉल लागले होते. शास्त्रज्ञ पेपर लिहितो, तेव्हा आपण कुणाकुणाच्या कामाचा आधार घेतला याची यादी शेवटी देतो. त्या यादीत तुमचा पेपर आला, की तुम्हाला एक सायटेशन. लग्नपत्रिकेत खाली आप्तेष्टांची नावं असतात ना, तसलाच प्रकार. काही नावं खरोखर जवळची, काही 'काकांना राग यायला नको' म्हणून.

ही नावं पद्धतशीर मोजायची कल्पना युजीन गारफिल्ड या अमेरिकन माणसाची. १९५५ मध्ये त्यांनी ती मांडली आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आणला. वकिलांकडे अशा याद्या आधीपासून होत्याच. जुन्या निकालाचा नंतरच्या कुठल्या निकालांनी आधार घेतला, हे अमेरिकेत १८७३ पासून छापलं जात होतं. गारफिल्ड यांचा मूळ हेतू अगदी साधा होता. एखादा पेपर आवडला, तर पुढे त्याचं काय झालं हे शोधता यावं. पण मोजता येतंय म्हटल्यावर मोजणारे गप्प कसे बसतील?

मग २००५ मध्ये सॅन डिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ हॉर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स काढला. क्रिकेटमध्ये सांगायचं तर, एखाद्या बॅट्समनचा एच ५० आहे म्हणजे त्याने किमान ५० डावांत प्रत्येकी किमान ५० रन्स केल्यात. झालं, एवढंच. डावांच्या जागी पेपर टाका आणि रन्सच्या जागी सायटेशन. हिशेब झकास आहे. एकदाच तुक्का लागला, तर एच वाढत नाही. शंभर भिकार पेपर लिहिले, तरीही वाढत नाही. पण सचिनने २००४ मध्ये ढाक्याला नाबाद २४८ केल्या, त्याचा टेस्टमधला सर्वोच्च स्कोअर, तो डाव आणि कुठलातरी ५१ चा डाव या ५० च्या हिशेबात अगदी सारखे. एकेक टिकमार्क.

हिर्श यांनी त्या पेपरातच अंदाज दिला होता, की भौतिकशास्त्रात पर्मनंट नोकरीसाठी साधारण १२ आणि फुल प्रोफेसरसाठी १८ चा एच रास्त वाटतो. भौतिकशास्त्रात, असं त्यांनी लिहिलं होतं. लोकांनी तेवढा शब्द गाळला आणि आकडा उचलला. आपल्याकडे नाही का, क्लायंट 'साधारण पंधरा दिवस' ऐकतो आणि कॅलेंडरवर तारीख टाकतो! गंमत म्हणजे २०२० मध्ये हिर्श यांनी स्वतःच लिहिलं, की या इंडेक्सचे नको ते परिणाम होऊ शकतात. प्रवाहाच्या उलट पोहणाऱ्या कामाला तो न्याय देत नाही, आणि हे त्यांना स्वतःच्याच सुपरकंडक्टिव्हिटीवरच्या कामातून कळलं होतं.

ताईचे एकूण पेपर १४. एच ९.

'नऊ म्हणजे चांगला का गं?' मी विचारलं होतं.

'आमच्या मजल्यावर आहे तिसरा. खालून.'

आता थोडी जुनी गोष्ट. ताईनेच मला ती सांगितली, आणि तेव्हापासून मी ती ऑफिसात निदान चार जणांना ऐकवली आहे.

ऑलिव्हर लॉरी १९४७ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत औषधशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. मेंदूच्या रसायनशास्त्रातला माणूस. त्यांना वेड एकच होतं, अगदी सूक्ष्म मोजायचं. मेंदूचा तुकडा मिक्सरमधून काढल्यासारखा घोटून मोजला, तर हाती सगळ्याची सरासरी येते. कुठल्या पेशीत काय चाललंय, ते त्यातून कळत नाही. तेव्हा लॉरीसाहेब म्हणाले, एकच न्यूरॉन वेगळा काढायचा आणि त्याच्यातलं मोजायचं. पण त्याचं वजन कसं करणार? त्यांनी क्वार्ट्झच्या अतिशय बारीक तंतूचा तराजू बनवला. तंतूचं एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकावर पेशी ठेवायची आणि तो किती वाकतो ते मायक्रोस्कोपमधून बघायचं. गळाला मासा लागल्यावर काठी वाकते, तसं. असं एकेका न्यूरॉनचं वजन! मेंदूचा रक्तपुरवठा थांबला, की पुढच्या काही सेकंदांत आणि मिनिटांत त्याच्यातली ऊर्जा कशी संपत जाते, हेही त्यांच्या लॅबने उंदराचा मेंदू क्षणात गोठवून मोजलं. पॅरालिसिसचा झटका समजून घ्यायला हे किती लागतं, ते तुम्हाला कुठलाही डॉक्टर सांगेल.

या सगळ्या उद्योगात एक किरकोळ काम रोज करावं लागायचं. नमुन्यात प्रोटीन किती आहे ते मोजायचं. त्यांनी आधीची एक पद्धत घासूनपुसून नीट केली. नमुन्यात तांब्याचं द्रावण आणि फोलिन नावाचं रसायन घालायचं, मग तो निळा होतो. प्रोटीन जास्त, तर निळा रंग जास्त गडद. तीन सहकाऱ्यांबरोबर १९५१ मध्ये त्यांनी यावर अकरा पानांचा पेपर छापला. मसाल्याचं प्रमाण लिहून ठेवावं, तसा.

तो पेपर विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक सायटेशन मिळालेला पेपर ठरला. २०१४ मध्ये 'नेचर'ने पहिल्या शंभर पेपरांची यादी केली, तेव्हा लॉरींच्या पेपरचा आकडा ३ लाख ५ हजारांवर गेलेला होता. डीएनएचा दुहेरी गोफ दाखवणारा १९५३ चा पेपर? पहिल्या शंभरात नाही. शंभरातले बहुतेक पेपर असेच, कुठली ना कुठली पद्धत, सॉफ्टवेअर, टेस्ट किंवा फॉर्म्युला सांगणारे.

लॉरीसाहेबांना याची पूर्ण कल्पना होती. तो काही ग्रेट पेपर नव्हे, असं ते स्वतःच म्हणत. आणि तरी लोकांचा प्रतिसाद बघून मनातल्या मनात मजा येते, हेही त्यांनी लिहून ठेवलंय. मला हे फार आवडलं. एका न्यूरॉनचं वजन करणारा माणूस जगाने लक्षात ठेवला, तो निळ्या पाण्यासाठी.

त्याच यादीबरोबर 'नेचर'ने एक हिशेब दिला होता. तोवर त्या डेटाबेसमध्ये असलेल्या प्रत्येक पेपरचं पहिलं पान छापून एकावर एक ठेवलं, तर ढीग जवळपास किलिमांजारोएवढा उंच होईल. त्यातले हजाराहून जास्त सायटेशनवाले पेपर किती? वरचा जेमतेम दीड मीटर. आणि पायथ्याकडचा जवळपास अर्धा डोंगर असा, की त्यातल्या पेपरांना कुणी विचारलेलं नाही, किंवा विचारलं असलंच तर एकदा. वरच्या दीड मीटरवर सगळ्यांची नजर असते. अर्धा डोंगर खाली बसून पगाराची स्लिप बघत असतो.

ताईचा स्वतःचा मामला लॉरीसाहेबांच्याच वळणाचा आहे, फक्त पुष्कळ लहान. जर्मनीला गेल्यावर दुसऱ्या वर्षी तिने उंदराचा व्हिडिओ पाहून त्याचं डोकं कुठल्या दिशेला आहे ते आपोआप नोंदवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कारण? हाताने नोंदवायचा कंटाळा आला होता. ख्रिसमसच्या सुट्टीत लॅब रिकामी होती, बाहेर बर्फ, दुकानं बंद. तीन आठवड्यांत झालं. त्यावर तिने चार पानं लिहिली आणि प्रोग्रॅम फुकट वाटला. त्या चार पानांना आज ४३० सायटेशन आहेत.

आणि तिचं खरं काम, पीएचडीपासून डोक्यात घेतलेलं, पाच वर्षांचं, ज्यासाठी ती रात्री तीनला उठून सायकलवरून लॅबला जायची? ११. त्यातली चार सायटेशन्स तिची तिनेच दिलेली आहेत.

त्या कामाचं तुम्हाला थोडक्यात सांगते. लंडनच्या जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर एक छोटासा पेपर छापला. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात त्यांना असे न्यूरॉन दिसले होते, की उंदीर ठराविक जागी आला की ठराविक न्यूरॉन बोलू लागतो. म्हणजे डोक्यात नकाशाच. सुरुवातीला पुष्कळ जणांनी नाक मुरडलं. २०१४ मध्ये त्यांना यासाठी नोबेल मिळालं, मे-ब्रिट आणि एड्वर्ड मोझर यांच्याबरोबर. १९७१ ते २०१४, मोजा. ताईचं काम त्या नकाशाच्या एका कोपऱ्याचं. ओळखीच्या जागेतली एकच वस्तू हलवली, तर नकाशा पुन्हा काढला जातो की फक्त दुरुस्त होतो? उत्तर लोकांच्या अंदाजाहून वेगळं आलं, आणि वेगळं आलं म्हणूनच तिने तेच पुन्हा तीनदा करून बघितलं. त्यात दोन वर्षं गेली. दोन वर्षांत एकही पेपर नाही. एचच्या हिशेबात ती त्या काळात झोपली होती.

इथे मी, अ‍ॅनालिस्ट म्हणून, एक बोलू का? आमच्या धंद्यात याला 'प्रॉक्सी' म्हणतात. जे हवंय ते मोजता येत नाही, म्हणून त्याच्या शेजारचं मोजायचं. कस्टमर खूश आहे का हे कळत नाही, म्हणून कॉल किती मिनिटांत संपला ते मोजायचं. त्यात वाईट काही नाही. पण ज्या दिवशी कॉल सेंटरच्या मुलांना कळतं की मिनिटं मोजतायत, त्या दिवसापासून कॉल मधेच कट व्हायला लागतात. शास्त्रज्ञही माणसंच आहेत हो. एका पुरणाच्या पाच पोळ्या लाटतात, प्रत्येकीत पुरण नावाला. एकमेकांना सायटेशनचा आहेर देतात-घेतात. स्वतःच्या जुन्या पेपरांना स्वतःच हार घालतात. नवा प्रयोग करण्याऐवजी इतरांच्या प्रयोगांचा आढावा लिहितात, कारण आढाव्याला सायटेशन भरपूर मिळतात आणि उंदीर चावत नाही.

आकडा नेहमी खोटं सांगतो, असं मला म्हणायचं नाही. लंडनचे कार्ल फ्रिस्टन बघा. २०१६ मध्ये 'सिमँटिक स्कॉलर' या सर्च इंजिनने सगळ्यात प्रभावी न्यूरोसायंटिस्टची क्रमवारी लावली, त्यात ते पहिले आले. त्यांचा एच २०० च्या पुष्कळ वर आहे. (ताईच्या मजल्यावरचे सगळे एच मिळवले, तरी गाठणार नाहीत.) फ्रिस्टन मुळात मानसोपचारतज्ज्ञ, स्किझोफ्रेनिया समजून घ्यायला निघालेले. मेंदूच्या स्कॅनमधला कुठला ठिपका खरा आणि कुठला योगायोग, हे ठरवण्याची रीत त्यांनी १९९० च्या सुमारास बसवली आणि त्याचं सॉफ्टवेअर सगळ्यांना फुकट दिलं. मासिकांत मेंदूचे ते लाल-पिवळ्या डागांचे फोटो येतात ना, त्यातल्या कितीतरी फोटोंच्या मागे हे सॉफ्टवेअर आहे. मेंदू एकूण कसा चालतो यावरचा त्यांचा मोठा सिद्धांत वेगळाच आहे, आणि तो समजत नाही म्हणणाऱ्यांत नावाजलेले शास्त्रज्ञही आहेत. त्यांचा एच खरा आहे. फक्त त्यातला केवढा वाटा सॉफ्टवेअरचा आणि केवढा सिद्धांताचा, हे तो सांगत नाही. ते फोडून बघावं लागतं आणि फोडायला वाचावं लागतं. सिलेक्शन कमिटीसमोर दोनशे अर्ज असतात. वाचणार कोण?

उलटी बाजू जास्त भयंकर आहे. २००६ मध्ये 'नेचर'मध्ये अल्झायमर्सवर एक पेपर आला होता, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला. एक ठराविक प्रोटीन उंदरांची स्मरणशक्ती बिघडवतं, असा दावा. तो खूप गाजला. मग २०२२ मध्ये 'सायन्स'ने छापलेल्या तपासात त्यातल्या चित्रांमध्ये फेरफार असल्याची शंका पुढे आली, आणि २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. तोवर त्याला सुमारे अडीच हजार सायटेशन मिळालेली होती. म्हणजे अठरा वर्षं लोक त्याचं नाव घेत होते. त्या मागे कुणाकुणाच्या पीएचडी गेल्या असतील, कुणाच्या आईवडिलांनी पेपरात बातमी वाचून आशा धरली असेल. आकडा मात्र वर आणि वरच जात होता. त्याला काय कळतंय? त्याचं काम फक्त 'किती जणांनी नाव घेतलं' एवढं सांगायचं.

मागच्या वर्षी ताईने भारतातल्या एका संस्थेत अर्ज केला. तिला परत यायचंय. मावशीचे गुडघे गेलेत आणि काका एकटे किती करणार. फॉर्म ऑनलाइन होता. एकूण पेपर, एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, सगळ्यांना कप्पे. 'तुम्ही काय शोधलंत?' या प्रश्नाला कप्पा नव्हता. कव्हर लेटर जोडायची सोय होती, ऐच्छिक, दोनशे शब्द. इंटरव्ह्यू व्हिडिओवर झाला, वीस मिनिटं. त्यातली सात-आठ मिनिटं त्या चार पानी प्रोग्रॅमवर गेली, कारण कमिटीतल्या एकांच्या विद्यार्थ्यांनी तो वापरला होता. ते खूप कौतुकाने बोलले. नकाशाच्या कामाबद्दल प्रश्न आलाच नाही. पुढे ई-मेल आला, की यंदा उमेदवारांची पातळी फार वरची होती वगैरे.

मी चिडले. ती नाही.

'अगं, त्यांना तरी काय दोष द्यायचा? मीही कमिटीवर असते तर त्या कॉलमवर क्लिक करून लिस्ट लावलीच असती की. मोठ्यापासून लहान.'

'पण तुझं खरं काम...'

'खरं काम अकरा जणांनी वाचलंय. त्यातली चार मीच.' मग थोडं थांबून म्हणाली, 'त्या सातातला एक जण जपानमध्ये आहे. त्याने तोच प्रयोग त्याच्या लॅबमध्ये, त्याच्या उंदरांवर, पहिल्यापासून करून बघितला. तेच आलं. मला रात्री मेल केली त्याने, ग्राफ जोडून. मी दोन दिवस चालत नव्हते, तरंगत होते.'

गुगल स्कॉलरवर ती मेल १ अशी दिसते.

ताईची गोष्ट मनात घोळत असताना मला सांतियागो रामोन इ काहाल यांच्याबद्दल वाचायला मिळालं. हे स्पॅनिश. मेंदू म्हणजे एकसंध जाळं नसून सुट्या पेशींचा बनलेला आहे, हे ज्यांनी मायक्रोस्कोपखाली बघून आणि चित्रं काढून दाखवलं, ते. १८८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या खिशातून स्वतःचंच जर्नल काढलं. प्रती ६०. परदेशातल्या मोठ्या लोकांना पोस्टाने पाठवल्या. पण स्पॅनिश वाचतो कोण? तेव्हा १८८९ मध्ये हा गृहस्थ आपल्या काचपट्ट्या आणि मायक्रोस्कोप घेऊन बर्लिनला शरीरशास्त्रज्ञांच्या सभेला गेला. तिथे त्यांनी लोकांना मायक्रोस्कोपपाशी आणून बघायला लावलं. त्यात कॉलिकर नावाचे त्या क्षेत्रातले वजनदार म्हातारे प्रोफेसर होते. त्यांनी डोळा लावला आणि ते पटले. पुढे काहाल यांचं लिखाण वाचता यावं म्हणून ते म्हणे स्पॅनिश शिकले. काहाल यांना १९०६ मध्ये नोबेल मिळालं, तेही जाळंवाल्या गोल्जींबरोबर अर्धं-अर्धं.

आज काहाल यांनी अर्ज केला असता तर इम्पॅक्ट फॅक्टरच्या कप्प्यात काय भरलं असतं? स्वतःच छापलेलं जर्नल, खप साठ. सिस्टिमने अर्ज सबमिटच होऊ दिला नसता. अर्थात, प्रत्येक दुर्लक्षित माणूस काही काहाल नसतो, हेही ताईच मला ऐकवते. बरेचसे पेपर दुर्लक्षित असतात कारण ते कंटाळवाणे असतात. म्हणूनच तर वाचावं लागतं, पुन्हा तेच.

घड्याळही तिच्या बाजूने नाही. जर्मनीत २००७ चा कायदा आहे. पीएचडीनंतर विद्यापीठात तात्पुरत्या करारावर सर्वसाधारणपणे सहाच वर्षं राहता येतं. मग पर्मनंट व्हा नाहीतर निघा. पर्मनंट जागा मूठभर. २०२१ मध्ये यावर तिकडच्या तरुण शास्त्रज्ञांनी 'मी हाना आहे' अशी मोहीमच चालवली होती. सरकारने या नियमाचं कौतुक करायला व्हिडिओ केला होता, त्यातल्या कार्टून मुलीचं नाव हाना. ताईचं हे पाचवं वर्ष.

पण दोन महिन्यांपूर्वी तिने आणखी एक फॉर्म उघडला, युरोपातल्याच एका विद्यापीठाचा. त्यात एचला कप्पा नव्हता. उलट, स्पष्ट सूचना होती, की एच-इंडेक्स आणि इम्पॅक्ट फॅक्टर लिहू नका. हे वारं काही वर्षं वाहतंय. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काही जर्नलांच्या संपादकांनी मिळून जाहीरनामा केला, की जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत करू नका. जर्मनीच्या संशोधन निधी देणाऱ्या संस्थेने २०१० मध्येच अर्जात सगळे पेपर लिहायला मनाई करून मोजके पाचच निवडायला सांगितले. नेदरलँड्सच्या उट्रेख्ट विद्यापीठाने २०२१ मध्ये भरतीतून इम्पॅक्ट फॅक्टर काढत असल्याचं जाहीर केलं. त्यावरही भांडणं झाली. काही प्रोफेसरांचं म्हणणं, आकडे काढले की ओळखीपाळखी आत येतील, मोठ्या लॅबवाल्यांचीच पोरं लागतील. त्यांचं सगळंच चूक नाही. आपल्याकडे ओळखीने काय काय होतं, ते तुम्हाला-मला कुणी सांगायला नको. गावाकडून आलेल्या, गॉडफादर नसलेल्या मुलीला एक आकडा तरी हातात असतो दाखवायला.

तर त्या फॉर्ममध्ये दोन कोरी पानं होती. तुम्ही काय केलंत आणि त्याने काय फरक पडला, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

तिला ते जमेना. तीन आठवडे! ज्या बाईने तीन आठवड्यांत तो प्रोग्रॅम लिहिला होता. शेवटी तिने मला ड्राफ्ट पाठवला. 'तुला न्यूरोसायन्स कळत नाही ते बरंय, तूच वाच.' मी ऑफिस सुटल्यावर बाणेरच्या एका कॅफेत बसून वाचला. निळ्या पाण्याच्या लॉरींची गोष्ट तिने टाकली नव्हती, चांगलं केलं. प्रोग्रॅमवर एक परिच्छेद, नकाशावर दीड पान. जपानची मेल होती, एका वाक्यात. आणि सगळीकडे 'वी'. वी डिझाइन्ड, वी ऑब्झर्व्ह्ड, वी रिपीटेड. मी मोजले (मोजायची सवयच आहे), नऊ ठिकाणी. मी त्या नऊही जागी लाल रंगात 'आय' केलं आणि परत पाठवलं.

चार तिने मान्य केले. बाकीच्या पाचांवर कॉमेंट टाकून 'वी' परत आणलं. एकात म्हणे कोड तपासून देणारा मास्टर्सचा मुलगा होता. दोनांत बॉस, त्याने पैसे दिले आणि दोन वर्षं 'पेपर कुठाय' असं विचारलं नाही. उरलेल्या दोनांत अ‍ॅनिमल हाउसच्या पोलिश काकू. ताई रात्रपाळीला यायची तेव्हा त्या तिच्यासाठी उंदीर आधीच जागे करून ठेवायच्या, आणि कधी कधी थर्मासमध्ये बीटचं सूप.

रविवारी रात्री तिने फॉर्म सबमिट केला. उत्तराला आठ आठवडे लागतील असं स्क्रीनवर आलं. मग तिने मला विचारलं, की डोंबिवलीला ऑक्टोबरची तिकिटं आत्ताच काढू की थांबू. मी म्हटलं, काढून ठेव, रिफंडेबलवाली.